नऊ पिनांची वाट

कारखान्यातले यंत्र पंचवीस-तीस वर्षे चालते आणि लॅपटॉप पाच-सहा वर्षांत जुना होतो. १९९८ साली बसवलेल्या पॅकिंग मशीनचे गिअर, मोटार, सिलिंडर आजही ठणठणीत असतात. त्याला चालवणारा छोटा कंट्रोलर पॅनेलच्या आत धुळीचा थर अंगावर घेऊन दर काही मिलिसेकंदांनी आपला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असतो. मग कधीतरी एखादा सेन्सर बदलतो, किंवा मालकाला पाकिटाची लांबी वाढवून हवी असते, आणि त्या कंट्रोलरशी बोलायची वेळ येते. समोर नवा कोरा लॅपटॉप असतो, त्याला दोन-तीन चपट्या भोकांपलीकडे काही नसते. कंट्रोलरला मात्र नऊ पिनांचे, डी अक्षराच्या आकाराचे सॉकेट असते, नाहीतर आठ पिनांचे छोटे गोल. या दोघांची गाठ घालून देणे हा ठाणे जिल्ह्यातल्या अनेकांचा व्यवसाय आहे, आणि माझाही.

मी खडवलीला राहतो. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग आम्ही. टिटवाळा लोकल आमच्यापर्यंत येत नाही. आसनगाव किंवा कसारा लोकलच धरावी लागते. कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग १८५५ सालचा, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यानंतर अवघ्या दोन वर्षांतला. गावाला भातसा नदी आहे. धरणातून सोडलेले पाणी याच पात्रातून पुढे पिसे बंधाऱ्याकडे जाते आणि मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी भातसाचे असते. रविवारी नदीवर मुंबईकरांची गर्दी होते. सोमवारी सकाळी स्टेशनवर दिसते ती गर्दी निराळी. वासिंद, आसनगाव, अंबरनाथ, डोंबिवली, थेट ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत शिफ्टला जाणारी माणसे त्यात असतात. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ची आणि तिच्या कामाचा आरंभ वागळे इस्टेटमधूनच झाला. पुढच्या तीन-चार दशकांत या पट्ट्यात जी यंत्रे आली, त्यांच्या रिलेच्या भिंतींची जागा हळूहळू पीएलसीने घेतली. आज आम्ही ज्यांच्याशी झटापट करतो ते कंट्रोलर बहुतेक १९९० ते २००५ या काळातले आहेत.

पीएलसी म्हणजे काय, हे या धंद्याबाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी यंत्राचा क्रम रिलेंनी ठरायचा. दार बंद झाले का, तेल गरम झाले का, मग मोटार सुरू कर, असा. क्रम बदलायचा तर वायरी उपटून पुन्हा जोडायच्या. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला १९६८ साली याचा कंटाळा आला आणि त्यांनी वायरी न बदलता क्रम बदलता येईल अशा यंत्राची मागणी बाजारात ठेवली. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला मोडिकॉन ०८४ हा त्यातून आला. वायरमनला समजावे म्हणून त्याचा प्रोग्राम रिलेच्या आकृतीसारखाच, शिडीच्या रूपात लिहायचा ठरला. त्यामुळेच आजही मुरबाडचा आयटीआय झालेला मुलगा लॅडर डायग्राम पाहून सांगू शकतो की कुठला कॉन्टॅक्ट लागत नाहीये. १९७९ साली त्याच मोडिकॉनने मॉडबस नावाची बोलण्याची पद्धत जाहीर केली आणि सीमेन्सचा एस-५ही त्याच वर्षी बाजारात आला. आपल्याकडे पुण्याच्या मेसुंगने ऐंशीच्या दशकात पीएलसी बनवायला घेतले. एका मराठी शहरातल्या या कामाबद्दल आपल्या नियतकालिकांतून फारसे वाचायला मिळत नाही, याची मला खंत वाटते.

या सगळ्यांशी बोलायचा रस्ता होता सिरियल पोर्ट. आरएस-२३२ हे मानक १९६०चे, मुळात टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी केलेले. त्याचे सर्वांत रुळलेले रूप, 'सी' आवृत्ती, १९६९ची. एका तारेवरून बिट एकामागोमाग एक जातात. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. पाठवायची एक तार, घ्यायची एक, आणि दोघांची सामाईक शून्याची तार: किमान एवढ्यावर काम भागते. आधी पंचवीस पिनांचे मोठे सॉकेट असे. १९८४च्या आयबीएम एटीने नऊ पिनांचे छोटे रूढ केले आणि त्यात दोन व तीन क्रमांकांच्या पिनांचे काम उलटे झाले. त्या अदलाबदलीची किंमत आजही कोणीतरी, कुठल्यातरी पॅनेलसमोर, रात्री मोजत असतो. मग १९९६ला यूएसबी आली, १९९८च्या आयमॅकने जुने पोर्ट काढूनच टाकले आणि पुढच्या दहा वर्षांत लॅपटॉपवरून नऊ पिना नाहीशा झाल्या. कारखान्यात कोणी काही बदलले नव्हते. बदलला होता तो बाजार.

नवख्या माणसाचा पहिला घात आकारामुळे होतो. सॉकेटमध्ये केबल बसली म्हणजे ती तिथलीच, असे त्याला वाटते. मित्सुबिशीच्या एफएक्सला आठ पिनांचे गोल सॉकेट आहे, डेल्टाच्या डीव्हीपीलाही आहे, अॅलन-ब्रॅडलीच्या मायक्रोलॉजिक्सलाही आहे. दिसायला तिन्ही सारखी. पण मित्सुबिशीच्या सॉकेटवर आरएस-४२२ हे निराळे मानक आहे आणि बाकी दोघांवर आरएस-२३२. शिवाय त्या दोघांच्या पिनांचा क्रमही एकमेकांशी जुळत नाही. त्याहून धोक्याचा सीमेन्सचा एस७-२००. त्याला नऊ पिनांचे डी सॉकेट आहे, म्हणजे संगणकाच्या सिरियल पोर्टसारखेच. आत मात्र आरएस-४८५ आहे, आणि सातव्या पिनेवर चक्क २४ व्होल्ट उभे आहेत. संगणकाच्या बाजूला तीच सातवी पिन सिग्नल पाठवायची असते. साधी सरळ केबल लावली तर काय होऊ शकते ते सांगायला नको. त्याच्यासाठी आरएस-४८५चे आरएस-२३२ करून देणारी पीपीआय केबलच हवी. एस-५ची तर आणखी निराळी गोष्ट: पंधरा पिना, आणि त्यातून व्होल्टऐवजी २० मिलिअँपिअरचा प्रवाह चालू-बंद करून बोलणे. तिथे नुसता प्लग बदलून भागत नाही, मध्ये प्रवाहाचे व्होल्टमध्ये रूपांतर करणारे सर्किट लागते. म्हणून या मार्गावरच्या जुन्या सर्व्हिसवाल्यांच्या पिशवीत प्रत्येक केबलला चिकटपट्टीची चिठ्ठी असते आणि तिच्यावर कंपनीचे नाव, मॉडेल आणि पिनांचा नकाशा पेनाने लिहिलेला असतो. अशी चिठ्ठी नसलेली केबल मी स्वतः कुठल्याही पॅनेलला लावत नाही.

आता यूएसबीतून सिरियल काढायचा कन्व्हर्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात तर तो दोन-अडीचशे रुपयांतही मिळतो आणि दोन-अडीच हजारांतही. बाहेरून प्लास्टिक सारखेच दिसते; फरक आतल्या चिपचा. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची, तैवानच्या प्रोलिफिकची, किंवा चीनची सीएच३४० या तीन घराण्यांपैकी एखादी त्यात असते, निदान तसे लिहिलेले असते. नकली चिपांचा सुळसुळाट इतका झाला की ऑक्टोबर २०१४मध्ये एफटीडीआयचा असा एक ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून पसरला जो नकली चिप ओळखून तिचा ओळख-क्रमांकच शून्य करून टाकत असे. लॅपटॉपला मग ती केबल दिसेनाशी होई. गदारोळ झाल्यावर तो मागे घेण्यात आला. प्रोलिफिकने दुसरा मार्ग धरला. त्यांचा नवा ड्रायव्हर जुनी किंवा नकली चिप दिसली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये सरळ लिहितो की ही चिप २०१२पासून बंद आहे, विक्रेत्याला विचारा. कंपन्यांची अडचण मला कळते. पण या भांडणाचा फटका ज्याला बसतो त्याने नकली माल बनवलेला नसतो. त्याने दुकानातून पैसे मोजून केबल घेतलेली असते आणि तो मुरबाडच्या एखाद्या शेडमध्ये, थांबलेल्या मशीनसमोर उभा असतो. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटीने किंवा गाडीने जायचे. चुकीची केबल घेऊन गेलात तर दुसरी आणण्यात दिवस जातो. म्हणून चांगल्या चिपचे दोन कन्व्हर्टर आणि एक वेगळ्या घराण्याचा, एवढे सोबत ठेवणे ही उधळपट्टी मानू नये.

कन्व्हर्टर लागला, ड्रायव्हर बसला, तरी कंट्रोलर उत्तर देईलच असे नाही. विंडोज त्याला कॉम-१७ असा काहीतरी नंबर देते आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम-१ ते कॉम-४ एवढेच असतात. नंबर बदलायची सोय डिव्हाइस मॅनेजरच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये असते. पुष्कळ जणांना ती ठाऊकच नसते. स्वस्त कन्व्हर्टरला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तोच कन्व्हर्टर लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात घातला की नंबर पुन्हा वेगळा. मग वेग आणि बिटांची मांडणी. मित्सुबिशी एफएक्सला ९६००, सात बिट, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट लागतो. ऑम्रॉनला तेच, पण स्टॉप बिट दोन. एस७-२००ला आठ बिट आणि इव्हन. एक आकडा चुकला की समोरचा गप्प बसतो आणि आपण केबलला दोष देत राहतो. सगळे बरोबर असून मध्येच संपर्क तुटत असेल, तर वेळेकडे पाहावे. अस्सल सिरियल पोर्टमध्ये अक्षर आले की लगेच प्रोसेसरला कळत असे. एफटीडीआयचा कन्व्हर्टर मूळ सेटिंगमध्ये थोडी अक्षरे असली तर १६ मिलिसेकंद थांबून मग पुढे देतो. माणसाला हा उशीर जाणवत नाही, पण उत्तरासाठी ठरावीक वेळच थांबणाऱ्या जुन्या प्रोग्रामला तो पुरेपूर जाणवतो. तो आकडा १ केला की कित्येकदा दुखणे तिथल्या तिथे बरे होते.

याच उशिराचा त्रास अंबरनाथ-बदलापूरच्या सीएनसी शॉपमध्ये वेगळ्या रूपात दिसतो. जुन्या फानुक कंट्रोलची मेमरी लहान, त्यामुळे साच्याचा लांबलचक प्रोग्राम लॅपटॉपमधून थोडा थोडा पाजावा लागतो. मशीनचे पोट भरले की ते 'थांब' असा एक कोड पाठवते. खरा पोर्ट असलेला संगणक जवळपास तत्काळ थांबत असे. यूएसबी कन्व्हर्टरच्या पोटात मात्र आधीच निघालेली अक्षरे शिल्लक असतात, ती तो ओततच राहतो. मशीन दहा अक्षरांपर्यंत सोसते आणि मग ०८७ क्रमांकाचा अलार्म देऊन बंद पडते. चालू कटमध्ये टूल जॉबवर थांबले तर तिथे डाग पडतो आणि महागाचा साचा वाया जातो. यावर उपाय आहेत: थांबण्याची सूचना चिपमध्येच हाताळणारा कन्व्हर्टर घेणे, हार्डवेअर हँडशेकच्या तारा जोडणे, किंवा मशीनशेजारीच मेमरी कार्डवरून प्रोग्राम पाजणारी छोटी पेटी बसवणे. मी शेवटचा उपाय पसंत करतो, कारण त्यात लॅपटॉप शॉपफ्लोअरवर उघडा पडून राहत नाही.

विजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यात जीवाचाही प्रश्न आहे. लॅपटॉपचा चार्जर लावून तो कंट्रोलरला जोडला की दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगची गाठ त्या बारीक केबलमधून पडते. ऑफिसच्या बाजूच्या सॉकेटचे अर्थिंग एक, पॅनेलचे दुसरे, आणि मध्ये मोटारीचा ड्राइव्ह चालू. दोन अर्थिंगमध्ये व्होल्टचा फरक असला तर तो प्रवाह केबलच्या शून्याच्या तारेतून वाट काढतो आणि पोर्ट जाळतो. कधी लॅपटॉपचा, कधी पीएलसीचा. लॅपटॉप गेला तर नुकसान पैशांचे. पण उत्पादनातून बाद झालेल्या मॉडेलचा पोर्ट गेला की पूर्ण यंत्रच अडते. म्हणून जोडताना चार्जर काढायचा, बॅटरीवर काम करायचे आणि शक्य असेल तिथे आयसोलेटेड कन्व्हर्टर वापरायचा. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, ते अर्थिंग नसल्याने चार्जरमधून झिरपणाऱ्या प्रवाहाचे लक्षण. सुपरवायझर कितीही घाई करो, ही दोन मिनिटे द्यावीत.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत काळ जास्त निष्ठुर आहे. डॉसच्या काळातले प्रोग्राम सिरियल पोर्टच्या चिपशी थेट बोलत. आजची विंडोज कोणालाही असे थेट जाऊ देत नाही, आणि ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी वाऱ्यावर सोडले, विंडोज ७ला १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यामुळे इथल्या बहुतेक सर्व्हिसवाल्यांनी नव्या लॅपटॉपच्या पोटात एक्सपीचे आभासी यंत्र बसवून घेतले आहे आणि यूएसबी कन्व्हर्टर थेट त्या आतल्या यंत्राच्या हवाली करतात. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक घरी. ज्यांच्याकडे नऊ पिनांचा जुना लॅपटॉप अजून जिवंत आहे ते त्याला इंटरनेट दाखवत नाहीत, आणि ते बरोबरच करतात. काही एस-५ आणि डॉसवाल्या पीएलसींसाठी तो जुना लॅपटॉप कुठल्याही नव्या खटपटीपेक्षा भरवशाचा आहे.

पण खरे सांगायचे तर पोर्ट हा या प्रश्नाचा बाहेरचा भाग आहे. आतला प्रश्न प्रोग्रामचा. मित्सुबिशीच्या एफएक्स-२एनमध्ये प्रोग्राम रॅममध्ये राहतो आणि त्याला छोटी लिथियम बॅटरी जिवंत ठेवते. बॅटरी संपत आली की समोर लाल दिवा लागतो. पॅनेलचे दार बंद असते, दिवा कोणाला दिसत नाही. मग एखादी लांब सुट्टी येते, दिवाळीतच येते, मेन स्विच चार दिवस बंद राहतो आणि मंगळवारी सकाळी यंत्र काहीच आठवत नसल्यासारखे उभे असते. त्या वेळी मालक विचारतो, प्रोग्रामची कॉपी कुठे आहे? कॉपी पॅनेल बनवणाऱ्याकडे असते. तो धंदा बंद करून गेलेला असतो, किंवा त्याच्या ज्या संगणकात ती होती तो संगणक गेलेला असतो. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला. या पट्ट्यातले आणखीही कितीतरी कारखाने बंद झाले, स्थलांतरित झाले. प्रत्येक बंद दाराबरोबर माणसे विखुरली, आणि त्यांच्या डोक्यातली माहिती तर कुठल्या लिलावात निघत नाही. उरलेले कारखाने त्याच पिढीच्या यंत्रांवर चालले आहेत.

जोडणी एकदा जमली की सर्वांत आधी प्रोग्राम कंट्रोलरमधून लॅपटॉपमध्ये घ्यावा, तपासावा, तारीख घालून ठेवावा. मगच दुसरे काही. इथे एक बटण चुकले तर लॅपटॉपमधला रिकामा प्रोग्राम उलट कंट्रोलरमध्ये जातो आणि वीस वर्षांचे काम पुसले जाते. स्क्रीनवर 'रीड फ्रॉम पीएलसी' आहे की 'राइट टू पीएलसी', हे मोठ्याने वाचून मग क्लिक करायची सवय मी शिकाऊ मुलांना लावतो. आणि चालू रिॲक्टरचा, बॉयलरचा प्रोग्राम चालू शिफ्टमध्ये बदलायचा नाही. डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखांना एमआयडीसीतले स्फोट सोसले आहेत. त्यांच्या कारणांशी या विषयाची सांगड मी घालत नाही. पण भिंतीपलीकडे लोक राहतात, हे या शहरात काम करणाऱ्याने क्षणभरही विसरता कामा नये.

पासवर्डचा मुद्दा मला मालकांपुढे ठेवायचा आहे. पुष्कळ यंत्रनिर्माते पीएलसीला कुलूप लावून देतात, कारण त्यांना आपली युक्ती जपायची असते. ते समजण्यासारखे आहे. परंतु यंत्राचे सगळे पैसे दिलेल्या माणसाला त्याच्याच यंत्राचा प्रोग्राम वाचता येऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते. खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या: टिप्पण्यांसह प्रोग्रामची प्रत, पासवर्ड, प्रोग्रामिंग केबल आणि वायरिंगचा नकाशा. नंतर मागून मिळत नाही. हे सगळे हाती आले की पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एका कागदावर मॉडेल, पोर्टचा प्रकार, वेग, पॅरिटी आणि बॅटरी बदलल्याची तारीख लिहून प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. केबल त्याच पॅनेलमध्ये टांगा. यात खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि ज्या कारखान्यांनी हे केले आहे तिथले ब्रेकडाऊन तासाभरात आटोपतात.

सगळे कंट्रोलर बदलून इथरनेटवाले बसवा, असा सल्लाही मिळतो. सीमेन्सचा एस७-१२०० हा २००९ साली आला तोच इथरनेट घेऊन. जिथे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत तिथे बदलायलाच हवे, आणि नियोजन करून, जुना प्रोग्राम हातात असताना बदलायला हवे. पण सहा माणसांच्या शेडमध्ये चांगला चाललेला कंट्रोलर केवळ लॅपटॉपला भोक नाही म्हणून काढणे मला पटत नाही. तेवढ्या पैशांत तिथे दोन मुलांचे प्रशिक्षण होते.

आणि सिरियलची वाट काही संपत चाललेली नाही. १९८३चे आरएस-४८५ दोन तारांवर १२०० मीटरपर्यंत जाते, एका जोडीवर बत्तीस यंत्रे बोलतात, ड्राइव्हच्या गोंगाटातही टिकते आणि स्वस्त आहे. म्हणूनच आज नव्याने बसणारे एनर्जी मीटर, तापमान कंट्रोलर, ड्राइव्ह यांच्यात ते हमखास असते. ए आणि बी या तारांची नावे दोन कंपन्या उलटसुलट देतात, उत्तर आले नाही तर अदलाबदल करून पाहायची. लांब केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावायचा. खडवली-टिटवाळ्याच्या नव्या इमारतींच्या गच्च्यांवर जे सोलर इन्व्हर्टर चढत आहेत, त्यांतल्या अनेकांच्या पोटाखालीही दोन तारांचे हेच टर्मिनल असते. त्यांचे मॅन्युअल उघडले की मॉडबसचा तक्ता दिसतो, आणि वर लिहिलेले असते: ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. मागच्या उन्हाळ्यात आयटीआयची जी मुले माझ्याबरोबर केबल सोल्डर करायला बसत होती, ती आता हीच कामे घेऊ लागली आहेत.